छिद्र, अक्षर आणि नक्कल : प्रीसेट कड्याच्या मॅक्रो लेन्सचा इतिहास आणि वऱ्हाडातील हस्तलिखिते

सारांश

१९५५ ते १९६५ या दशकात जर्मनी व जपान येथे तयार झालेल्या प्रीसेट कड्याच्या मॅक्रो लेन्स आज जुन्या वस्तू म्हणून ओळखल्या जातात. त्यांपैकी एका महत्त्वाच्या लेन्सचा जन्म लहान व गुंतागुंतीच्या अक्षरांची सूक्ष्मपटावर नक्कल करण्याच्या गरजेतून झाला. अमरावती व अकोला परिसराला म्हणजेच वऱ्हाडाला हस्तलिखितांच्या नकलेचा दीर्घ आणि काही प्रसंगी वादग्रस्त इतिहास आहे. प्रस्तुत लेखात हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहिले आहेत. छायाचित्र हीदेखील एक नक्कलच असते, तिच्यातील उणिवा लेखनिकाच्या चुकांहून वेगळ्या जातीच्या असतात आणि म्हणून साधनचिकित्सेत लेन्स व तिचे छिद्र यांची नोंद आवश्यक ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मॅक्रो लेन्स, प्रीसेट छिद्र, हस्तलिखित, पाठचिकित्सा, धवला, महानुभाव, सकळ लिपी, वऱ्हाड.

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला मूळ हस्तलिखित हाताळण्याची संधी फार थोड्या वेळा मिळते. बहुतेक वेळा त्याच्यासमोर नक्कल असते. पूर्वी ती लेखनिकाने केलेली असे. पुढे मुद्रित प्रत आली, त्यानंतर सूक्ष्मपट आला आणि आता संगणकाच्या पडद्यावरील प्रतिमा आली आहे. लेखनिकाच्या नकलेकडे संशयाने पाहण्याचे शिक्षण पाठचिकित्सेने आपल्याला दिले आहे. छायाचित्राबाबत मात्र आपण तितके सावध नसतो. ‘फोटो आहे’ एवढे सांगितले की पाठाची खात्री पटली असे गृहीत धरले जाते.

हे गृहीतक कितपत योग्य आहे, हे तपासण्यासाठी छायाचित्रणाच्या साधनाचाच इतिहास पाहणे उपयुक्त ठरते. त्यासाठी प्रस्तुत लेखात प्रीसेट कड्याची मॅक्रो लेन्स हे साधन निवडले आहे. या लेन्समध्ये छिद्र उघडणे, मिटवणे आणि स्पष्टता साधणे या सर्व क्रिया हाताने कराव्या लागतात. त्यामुळे आधुनिक कॅमेऱ्याच्या पोटात नजरेआड घडणारी प्रत्येक क्रिया येथे वेगवेगळी दिसते.

२. नकलेतील एक गळालेला शब्द

वऱ्हाडातील नकलेच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रसंग अमरावतीत घडला. दिगंबर जैन परंपरेतील ‘षट्खंडागम’ आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची नवव्या शतकातील ‘धवला’ टीका हे ग्रंथ कर्नाटकातील मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर सुरक्षित होते. पण अभ्यासकांना ते उपलब्ध नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकलेचे काम सुरू झाले आणि ते दोन दशकांहून अधिक काळ चालले. त्यातून एक कन्नड प्रत सहारनपूरला पोहोचली, तेथे तिचे नागरीत लिप्यंतर झाले आणि त्या नागरी प्रतीच्या नकला अमरावती, कारंजा, आरा इत्यादी ठिकाणी गेल्या.

अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. हिरालाल जैन यांनी या नकलांच्या आधारे संपादन हाती घेतले. हे महाविद्यालय १९२३ मध्ये सुरू झाले आणि आज ते शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था या नावाने परिचित आहे. कारंजा येथील भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांचे संपादन करून त्यांनी यापूर्वीच नाव मिळवले होते. ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये व ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. ‘धवले’चा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रकाशित झाला आणि १९५८ पर्यंत एकूण १६ खंड पूर्ण झाले.

पहिल्या खंडातील सत्प्ररूपणेच्या ९३व्या सूत्रात मानुषींच्या, म्हणजे मनुष्यस्त्रियांच्या, गुणस्थानांची गणना आहे. उपलब्ध नकलांत तेथे ‘संजदासंजद’ हा शब्द होता. परंतु त्यापुढे अपेक्षित असलेला ‘संजद’ हा शब्द नव्हता. टीकेतील चर्चेचा ओघ पाहता तो शब्द तेथे असावा, असे संपादकांना वाटले आणि त्यांनी तळटीपेत तसे सुचवले. ‘संजद’ म्हणजे पूर्ण संयमी. हा शब्द स्वीकारला तर स्त्रियांना पूर्ण संयमाची आणि पर्यायाने मोक्षाची पात्रता कोणत्या अर्थाने मानायची, हा प्रश्न उभा राहतो. साहजिकच विद्वानांत मोठा वाद झाला. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पडताळणी झाली तेव्हा ‘संजद’ हा शब्द तेथे असल्याचे निष्पन्न झाले.

शब्द का गळाला असावा, हे समजणे अवघड नाही. ‘संजदासंजद’चा शेवट ‘संजद’ असाच होतो. लेखनिकाची नजर मूळ पानावरून आपल्या कागदाकडे जाते आणि परत येताना सारख्या अक्षरांपैकी दुसऱ्या ठिकाणी स्थिरावते. हा दृष्टिदोष सर्व लिप्यांतील लेखनिकांत आढळतो. त्याचा परिणाम मात्र येथे एका शब्दापुरता न राहता स्त्रीच्या आध्यात्मिक अधिकाराच्या प्रश्नापर्यंत पोहोचला. ताडपत्राचे स्पष्ट छायाचित्र आरंभीच उपलब्ध असते तर निदान ‘शब्द आहे की नाही’ हा वाद उद्भवला नसता. अशा नकलेचे साधन कसे घडले, ते आता पाहू.

३. प्रीसेट छिद्राची पूर्वपीठिका

लेन्समधून किती प्रकाश आत यावा, हे तिच्यातील छिद्राच्या आकारावर ठरते. इंग्लंडमधील हॅलिफॅक्सचे जॉन वॉटरहाउस यांनी १८५८ मध्ये निरनिराळ्या आकाराची भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या लेन्सच्या खाचेत सरकवण्याची पद्धत प्रचारात आणली. पुढे पातळ पात्यांचे, लहानमोठे होणारे छिद्र रूढ झाले आणि पट्ट्या बदलण्याची गरज संपली.

एकभिंगी परावर्ती कॅमेरा, म्हणजे ज्याला आपण एसएलआर म्हणतो, तो १९३६ च्या किने एक्झाक्टापासून ३५ मि.मी. फिल्मवर आला. त्यात छायाचित्रकार लेन्समधूनच विषय पाहतो. त्यातून एक नवी अडचण निर्माण झाली. स्पष्टता साधण्यासाठी छिद्र पूर्ण उघडे हवे, कारण तेव्हाच चित्र उजळ दिसते. छायाचित्र घेताना मात्र छिद्र लहान हवे, कारण तेव्हाच स्पष्टतेची खोली मिळते. दर वेळी डोळा कॅमेऱ्यापासून काढून आकडा पाहायचा आणि छिद्र मिटवायचे, हे गैरसोयीचे होते.

प्रीसेट कड्याने ही अडचण सोडवली. अशा लेन्सवर साधारणपणे दोन कडी असतात. एका कड्यावर हवा तो आकडा, उदाहरणार्थ एफ/८, ठरवून ठेवायचा. दुसरे कडे पूर्ण उघडे आणि ठरवलेला आकडा या दोन टोकांमध्येच फिरते. छिद्र उघडून स्पष्टता साधायची, मग नजर न हटवता दुसरे कडे अडेपर्यंत फिरवायचे आणि छायाचित्र घ्यायचे. बोटांना अटकाव जाणवला की छिद्र योग्य ठिकाणी आले, असे समजावे.

१९५० च्या दशकात कॅमेऱ्याची कळ दाबताच छिद्र आपोआप मिटण्याची योजना आली आणि सर्वसाधारण लेन्समधून प्रीसेट कडे हळूहळू मागे पडले. मॅक्रो लेन्समध्ये मात्र ते अधिक काळ टिकले. जवळच्या विषयासाठी या लेन्सची नळी बरीच पुढे सरकते. कॅमेऱ्यापासून छिद्रापर्यंतची यांत्रिक जोडणी एवढ्या लांबीवर सांभाळणे सोपे नव्हते.

४. मॅक्रो लेन्स आणि अक्षराची गरज

जवळून छायाचित्र घेण्यासाठी पूर्वी लेन्स व कॅमेरा यांच्यामध्ये नळ्या किंवा भाता जोडावा लागे. हाइन्झ किलफिट यांची मॅक्रो-किलार ही ४० मि.मी., एफ/३.५ लेन्स १९५५ मध्ये आली. ३५ मि.मी. एसएलआरसाठीची पहिली मॅक्रो लेन्स म्हणून ती ओळखली जाते. तिच्या एका प्रकारात जोडनळीशिवाय १:१ प्रमाण, म्हणजे विषयाइतकीच मोठी प्रतिमा फिल्मवर मिळत असे. तिचे छिद्र प्रीसेट पद्धतीचे होते.

जपानमधील घडामोड आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. युद्धोत्तर काळात तेथे ग्रंथ व कागदपत्रांचे सूक्ष्मपट करण्याचे काम वाढले. टोकियो विद्यापीठातील प्रकाशशास्त्राचे प्राध्यापक जुन कोआना यांच्या लक्षात आले की, रोमन अक्षरांसाठी पुरेशी ठरणारी लेन्स कांजी चिन्हांसाठी पुरी पडत नाही. रोमन लिपीतील अक्षर थोड्या रेघांचे असते. एका कांजी चिन्हात दहा-पंधरा रेघा दाटीने बसलेल्या असतात आणि एक रेघ पुसट झाली तर चिन्ह बदलते. या गरजेतून निप्पॉन कोगाकू कंपनीने १९५६ मध्ये ५ सें.मी., एफ/३.५ ची मायक्रो-निक्कोर ही लेन्स तयार केली. पुढे १९६१ मध्ये तिचे एसएलआरसाठीचे ५.५ सें.मी.चे रूप आले. त्यात प्रीसेट छिद्र होते आणि १:१ पर्यंत प्रमाण मिळत असे. आपोआप मिटणाऱ्या छिद्राची आवृत्ती १९६३ मध्ये आली. असाही कंपनीची ५० मि.मी., एफ/४ ची मॅक्रो-टाकुमार १९६४ मध्ये आली. तीही प्रीसेट आणि १:१ प्रमाणाची होती.

आज या लेन्स फुले, कीटक आणि दवबिंदू यांच्या चित्रांसाठी आवडीने वापरल्या जातात. तथापि त्यांच्या घडणीमागील एक प्रमुख प्रेरणा लिपी ही होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

५. वऱ्हाडातील लिपी आणि सूक्ष्म खुणा

कांजीबाबत जे खरे आहे ते आपल्याकडील हस्तलिखितांबाबतही वेगळ्या रीतीने खरे आहे. नागरीत एक अनुस्वार, एक मात्रा किंवा एक रफार यांनी शब्द बदलतो. मोडीत अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात आणि लेखणी न उचलता केलेल्या वळणावर वाचन अवलंबून असते.

महानुभाव पंथाच्या पोथ्यांत हा प्रश्न आणखी तीव्र होतो. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे स्थान. मराठीतील आद्य गद्यचरित्र ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथेच सिद्ध केले. मूळ प्रत परचक्रात नष्ट झाल्यावर स्मरणाच्या आधारे ते पुन्हा लिहिले गेले, अशी पंथाची परंपरा सांगते. त्यामुळे त्याचे अनेक पाठ निर्माण झाले. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात मराठीचे अध्यापन केलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये त्याची संपादित प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांना या पाठभेदांचा मोठा पसारा हाताळावा लागला.

पंथाच्या अनेक पोथ्या चौदाव्या शतकापासून सकळ लिपीत लिहिल्या गेल्या. या लिपीत एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजलेले असते. साध्या मराठी मजकुरात एखादे अक्षर पुसट असेल तर वाचक संदर्भाने ते भरून काढतो. सांकेतिक लिपीत संदर्भ उलगड झाल्यावरच हाती येतो. उलगड होण्यासाठी प्रत्येक चिन्ह स्पष्ट असावे लागते. म्हणून येथे अस्पष्ट छायाचित्राची किंमत साध्या पोथीपेक्षा अधिक मोजावी लागते.

आणखी एक बाब नोंदवावीशी वाटते. पोथीतील चूक झाकण्यासाठी हरताळाचा पिवळा लेप देऊन त्यावर नवे अक्षर लिहिले जाई. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. दंड, क्रमांक व शीर्षके तांबड्या शाईत असत. केवळ निळ्या व हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडी शाई काळ्या शाईइतकीच गडद उमटते. अशा सूक्ष्मपटावर तांबडे आणि काळे यांतील भेद नाहीसा होतो. मूळ लेखनिकाने रंगाने केलेले वर्गीकरण नकलेत राहत नाही. ‘संजद’ शब्दाचा लोप आणि तांबड्या रंगाचा लोप यांची कारणे वेगळी असली, तरी अभ्यासकाच्या दृष्टीने दोन्ही लोपच आहेत.

६. छिद्राचे गणित आणि पोथीचे पान

सुमारे २० सें.मी. रुंदीचे पान ३६ मि.मी. रुंदीच्या चौकटीत घेतले तर प्रमाण साधारण ०.१८ येते. अक्षरांच्या नकलेसाठी अस्पष्टतेची मर्यादा प्रतिमेवर ०.०१ मि.मी. इतकी कडक धरली, तर एफ/३.५ वर स्पष्टतेची खोली सुमारे २.५ मि.मी. आणि एफ/८ वर सुमारे ६ मि.मी. मिळते. जुन्या शिवलेल्या बाडाचे पान शिवणीजवळ यापेक्षा अधिक फुगलेले असू शकते. म्हणजे छिद्र उघडे राहिले तर पानाचा मध्य स्पष्ट आणि कडा अस्पष्ट, किंवा याच्या उलट, असे चित्र येते.

मग छिद्र शक्य तितके लहान करावे काय? येथे प्रकाशाच्या विवर्तनाची मर्यादा येते. एफ/२२ वर प्रकाशबिंदू इतका पसरतो की वरील प्रमाणात मूळ कागदावरचा सुमारे ०.१९ मि.मी. भाग त्याने व्यापला जातो. एफ/८ वर हाच आकडा सुमारे ०.०७ मि.मी. असतो. बारीक अक्षरातील अनुस्वाराचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असेल तर हा फरक उपेक्षणीय नाही. म्हणून पानांच्या नकलेसाठी एफ/८ च्या आसपासचे छिद्र बहुधा योग्य ठरते. एखाद्या अक्षराचा तपशील १:१ प्रमाणात घ्यायचा असेल तर नळी पुढे सरकल्यामुळे प्रकाश चौपटीने कमी पडतो आणि छिद्र प्रत्यक्षात दुप्पट आकड्याइतके लहान ठरते. कड्यावरील एफ/८ तेव्हा एफ/१६ सारखे वागते.

प्रीसेट कड्याचा उपयोग येथे नेमका कळतो. सपाट नकाशाची नक्कल करताना एकदा साधलेली स्पष्टता पुरते. पोथीचे तसे नाही. पाने उलटत जावीत तसा एका बाजूचा थर उतरतो, दुसऱ्या बाजूचा चढतो आणि लेन्सपासूनचे अंतर बदलत राहते. म्हणून ठरावीक पानांनंतर छिद्र उघडून स्पष्टता तपासावी लागते आणि ते पुन्हा नेमके त्याच आकड्यावर आणावे लागते. एका पोथीतील सर्व पाने एकाच छिद्राने घेतली गेली तरच शाईचा फिकेपणा मूळचा आहे की छायाचित्रणातील, हे पुढील अभ्यासकाला ठरवता येते.

७. आजची उपयुक्तता आणि मर्यादा

आजच्या आरसारहित डिजिटल कॅमेऱ्यांवर या जुन्या लेन्स साध्या जोडकड्याने बसतात. २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात रुंदीवर सुमारे ६,००० बिंदू असतात, २० सें.मी. रुंदीच्या पानाच्या प्रत्येक मिलिमीटरला ३० बिंदू येतात. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार १५ बिंदूंचा होतो. महाविद्यालयीन विभागाच्या मर्यादित अंदाजपत्रकात बसणारे हे साधन आहे.

तरीही काही मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. जुन्या काचांत बुरशी किंवा धुरकटपणा असेल तर काळ्या-पांढऱ्यातील फरक मंदावतो. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो. जुने वंगण पातळ होऊन पात्यांवर येऊ शकते. कॅमेरा खाली तोंड करून बसवला की सैल झालेली नळी आपल्याच वजनाने हळूहळू सरकते आणि साधलेली स्पष्टता बिघडते. काही लेन्समध्ये छिद्र मिटवताच स्पष्टतेचे प्रतल किंचित हलते. अशा वेळी मिटलेल्या छिद्रावर प्रतिमा मोठी करून पुन्हा तपासणे इष्ट.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा इतिहासकाराच्या दृष्टीने उपकारकच ठरावी अशी आहे. आधुनिक लेन्स आपल्या छिद्राचा आकडा प्रतिमेच्या फायलीत आपोआप नोंदवते. जुन्या लेन्सचा आकडा कॅमेऱ्याला कळत नाही. तो वहीत हाताने लिहावा लागतो. त्या वहीत पोथीचे नाव, पानाचा क्रमांक, कोरी पाने, प्रमाण, छिद्र, प्रकाशाची दिशा आणि नक्कल करणाऱ्याचे नाव लिहिले गेले, तर तिला पोथीच्या पुष्पिकेचे स्थान प्राप्त होते. आपल्या लेखनिकांनी शक, स्थळ आणि नाव नोंदवण्याची शिस्त पाळली, म्हणून आज आपण नकलांची वंशावळ लावू शकतो. छायाचित्रकारानेही ती पाळली पाहिजे.

पोथी ज्यांच्याकडे आहे त्यांच्या भावनांचाही विचार आवश्यक आहे. मठांतील व मंदिरांतील पोथ्या पूजनीय असतात. पान उलटण्याचे काम तेथील अधिकारी व्यक्तीच्या हाताने व्हावे, शिवण ताणून पान सपाट करण्याचा आग्रह नसावा आणि प्रतिमांची एक प्रत त्यांच्याकडे राहावी.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) प्रीसेट कड्याची मॅक्रो लेन्स हे एसएलआरच्या संक्रमणकाळातील साधन असले, तरी तिच्या विकासात लिपीच्या अचूक नकलेची गरज हा एक निर्णायक घटक होता.

२) ‘धवले’च्या ९३व्या सूत्रातील ‘संजद’ शब्दाचा प्रसंग दाखवतो की, नकलेतील एका शब्दाच्या लोपाचे सामाजिक व तात्त्विक परिणाम किती दूरगामी असू शकतात. अशा प्रकारचा लोप छायाचित्राने टळतो.

३) छायाचित्र मात्र आपले वेगळे लोप निर्माण करते : अस्पष्ट कडा, पुसट अनुस्वार, हरवलेला रंग, सुटलेले पान. हे लोप अधिक धोक्याचे ठरू शकतात, कारण छायाचित्रावर वाचकाचा विश्वास अधिक असतो.

४) म्हणून हस्तलिखिताच्या छायाचित्राचा आधार घेताना लेन्स, छिद्र, प्रमाण व प्रकाश यांची नोंद पाहणे हा साधनचिकित्सेचा भाग मानला जावा.

राष्ट्रीय हस्तलिखित अभियान २००३ मध्ये सुरू झाले. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य २०२४ मध्ये सुरू झाले. वऱ्हाडातील पोथ्यांच्या नकलेसाठी संस्थात्मक पाया आता उपलब्ध आहे. इतिहास, मराठी, पाली-प्राकृत आणि भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हे काम केल्यास ते खऱ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय ठरेल. विद्यार्थ्याला एकच पान एफ/३.५, एफ/८ आणि एफ/२२ या तीन छिद्रांनी घेऊन त्यांतील अनुस्वार मोजायला सांगावेत. नक्कल कोठे आणि का चुकते, हे शिकवणारा याहून सोपा पाठ प्रस्तुत लेखकास दिसत नाही.